जेट्टी कुठाय?

गेल्या वर्षी रमजान सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तीन महिने रात्री जागून बनवलेली अगत्ती बेटाची सीनरी मी पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवत होतो. ते कुणीतरी म्हणजे आमचे अब्बा. वय ७८. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे सगळं जग परत लख्ख दिसू लागल्याच्या आनंदात होते. मी कॉम्प्युटरवर कोचीहून निघालेलं विमान बेटाच्या दक्षिण टोकाकडून वळवून आणलं. खाली फिकट हिरवं लगून, त्याच्या कडेला लाटांच्या फेसाची रेघ आणि बेटाच्या निमुळत्या शेपटीवर, दोन्ही अंगांना समुद्र घेऊन पडलेली धावपट्टी. चाकं अलगद टेकली. मी शाबासकीची वाट पाहत होतो. अब्बा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले, इकडून तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेट्टी कुठाय रे?"

मी म्हटलं, अब्बा, हा विमानांचा खेळ आहे, जेट्टी नाही बनवली. ते "बरं" म्हणाले आणि चहा घ्यायला उठले. त्यांनी टीका केलेली नव्हती. साधा प्रश्न विचारला होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सिम्युलेटरच्या आमच्या शौकिनांच्या दुनियेत छोट्या बेटांचं आपण जे करतो, त्याबद्दल माझं मत बदलायला तिथून सुरुवात झाली. आज तेच लिहायचं आहे.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा प्रोग्रॅम. त्यातली जमीन, डोंगर, समुद्र, घरं, विमानतळ या सगळ्याला आम्ही 'सीनरी' म्हणतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला तेव्हा त्यात जगभरचे ३७ हजार विमानतळ होते. त्यांपैकी माणसांनी निगुतीने घडवलेले अगदी मोजके. बाकीचे उपग्रहाचे फोटो आणि नकाशांतली माहिती यांच्यावरून प्रोग्रॅमने स्वतःच रचलेले. फोटोत छप्पर दिसलं की घर उभं करायचं, हिरवं दिसलं की झाड लावायचं. मुंबई-लंडनसारख्या ठिकाणी हे बऱ्यापैकी जमतं. गफलती तिथेही होतातच. मेलबर्नच्या एका उपनगरात एका साध्या घराच्या जागी ढगांत घुसलेला सुळका उभा राहिला होता. सार्वजनिक नकाशात कुणीतरी २ मजल्यांऐवजी २१२ मजले टाईप केले होते आणि यंत्राने ते निमूटपणे बांधून टाकले. जगभरचे लोक ते बघायला विमानं घेऊन गेले, खूप हसले, आणि चूक दुरुस्तही झाली. मेलबर्न मोठं शहर आहे. तिथे चूक पाहणारे लाखो डोळे असतात.

छोट्या बेटाची चूक कोण पाहणार?

मी वापरतो त्या सिम्युलेटरमधली मूळची अगत्ती उघडून पाहिली तेव्हा मला काय दिसलं ते सांगतो. प्रवाळाचं बेट, समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. पण उंचीचे आकडे चुकल्यामुळे ते कड्यासारखं पाण्याबाहेर आलेलं. माडांच्या जागी थंड मुलखातले डेरेदार वृक्ष. घरं युरोपातल्या एखाद्या खेड्यातली वाटावीत अशी, धुराड्यांसकट. लगूनच्या अर्ध्या भागावर फोटोतल्या ढगाचा पांढरा डाग तसाच पाण्यावर चिकटलेला. साडेसात हजारांच्या आसपास माणसांचं हे बेट, आणि त्यातली एकही गोष्ट त्या माणसांना स्वतःची म्हणून ओळखता आली नसती.

अशा वेळी आमच्यासारखे हौशी लोक पुढे येतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखा चिपळूणच्या पतसंस्थेत हिशेब बघणारा. रात्री जेवणं उरकल्यावर ब्लेंडर उघडून टर्मिनलची भिंत रचायची, धावपट्टीवरचे पट्टे मोजून आखायचे, विंडसॉक बरोबर जागी लावायचा. एक्स-प्लेन नावाच्या सिम्युलेटरमध्ये तर हौशी लोकांनी बनवलेले विमानतळ एका सामायिक कोठारात जमा होतात आणि पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळतात. फ्लाइटगिअर १९९७ पासून अशाच लोकांच्या मेहनतीवर चालू आहे, फुकट. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पैसा नाही, नाव नाही, तरी माणसं महिनोन्‌महिने एका टिंबाएवढ्या बेटासाठी झटतात.

माझा आक्षेप आहे तो बेटं निवडण्यामागच्या नजरेला. आमच्यात छोट्या बेटाचा विमानतळ लोकप्रिय होतो तो एकाच कारणाने, तो 'डेंजरस' असतो म्हणून. कॅरिबियनमधलं साबा बेट घ्या. धावपट्टी अवघी ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा, खाली समुद्र. जगातली व्यापारी उड्डाणांची सर्वांत आखूड धावपट्टी म्हणून तिचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. सिम्युलेटरवाला तिथे जातो, चार वेळा समुद्रात पडतो, पाचव्यांदा उतरतो, त्याची क्लिप टाकतो आणि पुढच्या डेंजरस विमानतळाकडे निघतो. बेट त्याच्यासाठी नुसता अडथळा.

आता त्याच साबाची दुसरी बाजू बघा. बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला ज्वालामुखीचा सुळका, वस्ती दोनेक हजारांची. इथे रस्ता होणं शक्य नाही असं हॉलंडच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं. तेव्हा जोसेफस लॅम्बर्ट हॅसल नावाच्या तिथल्याच माणसाने टपालाने अभ्यासक्रम मागवून रस्ते बांधण्याचं शिक्षण घेतलं आणि १९३८ पासून गावकऱ्यांना घेऊन हाताने रस्ता बांधायला घेतला. त्याला वीसेक वर्षं लागली. मग १९५९ मध्ये बेटावरच्या त्यातल्या त्यात सपाट तुकड्यावरचे धोंडे लोकांनी हाताने उचलले आणि शेजारच्या सेंट बार्ट्‌स बेटावरून रेमी द हेनेन आपलं छोटं विमान घेऊन तिथे उतरला. रीतसर विमानतळ १९६३ चा. म्हणजे ज्या ४०० मीटरवर आपण गंमत म्हणून आपटतो, ते ४०० मीटर बेटाने स्वतःच्या पाठीवर दगड वाहून मिळवलेले आहेत. सीनरीत तो वळणावळणांचा रस्ता नसेल, तर माझ्या मते साबा बनलेलंच नाही. विमानातून तो रस्ता नीट दिसत नाही, हे कारण मला पटत नाही.

याच्या उलट, स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बारा बेट मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तिथला विमानतळ चक्क पुळणीवर आहे. १९३६ पासून. वाळूत त्रिकोणात तीन धावपट्ट्या, त्यांच्या टोकांना लाकडी खांब, बाकी काही नाही. भरती आली की तिन्ही धावपट्ट्या पाण्याखाली. त्यामुळे ग्लासगोहून येणाऱ्या ट्विन ऑटर विमानाचं वेळापत्रक समुद्राच्या वेळापत्रकावर बेततात. आमच्या कोकणातल्या कुठल्याही तरवाल्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. त्याच पुळणीवर लोक शिंपल्या वेचतात, आपल्याकडे तिसऱ्या काढतात तशा. विंडसॉक फडकत असेल तर विमानतळ चालू आहे, वाळूवर जायचं नाही, एवढाच नियम. रात्री-अपरात्री कुणाला तातडीने न्यायची वेळ आली तर गाड्यांचे दिवे लावून वाळू उजळतात आणि विमान उतरवतात.

मी वापरलेल्या सिम्युलेटरांमध्ये भरती-ओहोटी नसते. समुद्राची पातळी एकदा ठरली की ठरली. त्यामुळे तिथल्या बारामध्ये कायमची ओहोटी असते, कधीही या आणि उतरा. खरं तर तिथेच बारा हरवतं. वाट पाहणं हा त्या बेटाच्या विमानतळाचा मुख्य भाग आहे आणि आपण तोच काढून टाकला आहे. मला प्रोग्रॅमिंग येत असतं तर आधी ते केलं असतं. येत नाही, म्हणून माझ्यापुरता एक उपाय करतो. उड्डाणाआधी बाराच्या भरतीची खरी वेळ बघतो आणि पाणी असेल तर जात नाही. मुलगी हसते. म्हणते, पप्पा, खेळात पण तुम्ही थांबता?

थांबण्याबद्दल अब्बांनी नंतर एक गोष्ट सांगितली. अब्बा जहाजावर सुकाणी होते. आमच्या भागातल्या मुसलमान घरांत एक पिढी अशी होती की घरटी एकजण तरी बोटीवर. त्यांच्याबरोबर मिनिकॉयचे खलाशी असायचे. लक्षद्वीपचं ते सगळ्यात दक्षिणेचं बेट, भाषा मालदीवच्या जवळची, आणि पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर. अब्बांच्या जहाजावरचा सारंग मिनिकॉयचा होता. १८८५ चा दीपस्तंभ आहे तिथे. जहाज तिकडून रात्री जायचं तेव्हा हा माणूस डेकवर येऊन उभा राहायचा. घर समोर, पण उतरता यायचं नाही. एकदा त्याला आई आजारी असल्याची तार आली. जहाज मुंबईत होतं. तो सुटी घेऊन रेल्वेने कोचीला गेला आणि तिथे बोटीची वाट पाहत बसला. पावसाचे दिवस होते. बोट सुटली तेव्हा अकरा दिवस गेले होते. पुढच्या सफरीत तो परत आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, असं अब्बा म्हणाले. विचारायची गरज नव्हती.

अगत्तीची धावपट्टी १९८८ मध्ये झाली. सुमारे १२०० मीटर. आधी डॉर्नियरसारखी छोटी विमानं यायची, आता एटीआर. लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या १० बेटांपैकी विमानतळ या एकावरच आहे. बाकीच्यांना जहाज किंवा हेलिकॉप्टर. गंभीर आजाऱ्याला हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात. सारंगाच्या मिनिकॉयला विमानतळ व्हावा याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, पण विमानतळ नाही.

आमच्या एका ग्रुपवर मी अगत्तीबद्दल लिहिलं तेव्हा एकाने सुचवलं, मिनिकॉयवर पण एक धावपट्टी टाकून दे की, खूप सुंदर लगून आहे, मजा येईल. खोटं कशाला बोलू, मोह झाला. दोन संध्याकाळींचं काम होतं. धावपट्टी ओढायची, दोन खोल्यांचं टर्मिनल, झालं. मी बनवली नाही. काल्पनिक विमानतळ बनवू नये असा काही कायदा नाही. लोक चंद्रावरसुद्धा बनवतात, बनवोत. पण जिथे खरी माणसं खऱ्या विमानतळाची वाट पाहत आहेत, तिथे तो मजेसाठी उभा करून देणं मला जमलं नाही. सारंगाचे अकरा दिवस दोन क्लिकमध्ये मिटवून टाकल्यासारखं वाटलं. आणि धावपट्टी टाकायची तर माड तोडावे लागतात, कुणाची तरी जमीन लागते. माझ्या स्क्रीनवर ती जमीन रिकामी होती, तिथे नाही. सुचवणारा मित्र म्हणाला, तू फार गंभीरपणे घेतोस. असेल.

पण बेट रिकामं आहे असं समजण्याची सवय फक्त आम्हा खेळणाऱ्यांची नाही. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले आणि आठवडाभर सगळा देश मोबाईलवर लक्षद्वीप शोधत होता. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी विचारलं, तिकडे बीच कसा आहे, मालदीवपेक्षा स्वस्त पडेल का. तिथे राहणारे लोक कोण, ते काय खातात, पाणी कुठून आणतात, हे एकानेही विचारलं नाही. पाण्याचा प्रश्न तर मोठा आहे. प्रवाळाच्या बेटावर गोड पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. जास्त उपसलं की खारं वर येतं. सीनरी बनवणाऱ्याला हे माहीत असावं असा माझा आग्रह नाही. पण विहीर दिसली तर ती पुसू नये, एवढं तरी म्हणेन.

आता माझ्या चुका. माझ्या पहिल्या अगत्तीत टर्मिनल होतं, धावपट्टीचे आकडे होते, किनाऱ्यावर रंगीत छत्र्या आणि आरामखुर्च्याही होत्या. फोटो शोधले ते पर्यटकांचेच सापडले, आणि मी डोळे झाकून त्यांच्यावर भरवसा ठेवला. गाव मात्र प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडलं होतं. तिथे जाऊन बघावं तर परवाना लागतो, आणि सध्या माझ्याकडून ते होणारं नाही. शेवटी कोचीत शिकणाऱ्या अगत्तीच्या एका तरुणाशी ओळख झाली. त्याला मी विचारलं, काय चुकलंय? त्याने विमानतळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. वहीच्या कागदावर बेटाचा आकार काढला, लांब आणि चिंचोळा, आणि त्यात गावातून धावपट्टीपर्यंत येणारा रस्ता. रस्त्याच्या कडेला माड. मग इस्पितळ, शाळा, मशिदी, आणि हो, जेट्टी. कागदाचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, एवढं असेल तर मी माझं घर शोधू शकेन.

मशिदीवरून एक गमतीची अडचण झाली. मॉडेलच्या मोफत संग्रहात मशीद म्हणून जे मिळतं ते तुर्की थाटाचं, मोठा घुमट आणि चार उंच मिनार. ती मी ठेवून पाहिली. अगत्तीवर इस्तंबूल अवतरल्यासारखं झालं. लक्षद्वीपच्या जुन्या मशिदींचा थाट निराळा, लाकूडकामाचा. कवरत्तीची उज्रा मशीद तिच्या कोरीव छतासाठी नावाजलेली आहे. यंत्राला 'मुसलमान' म्हटलं की घुमट आणि मिनारच सुचावेत याचं मला नवल नाही, माणसांचंही तेच होतं. आमच्या गावची कौलारू मशीद बघून पाहुणे अजून विचारतात, ही मशीद आहे? मी घुमट काढला, साधी उतरत्या छपराची इमारत रचली आणि त्या मुलाला दाखवली. त्याने अंगठा दाखवला. खिडक्या चुकल्या आहेत असंही सांगितलं.

एक गोष्ट मी मुद्दाम केली नाही. उपग्रहाच्या फोटोत अंगणं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. ते हुबेहूब करणं शक्य होतं. पण कुणाचं अंगण ओळखू येईल इतकं बारीक काम करायचा हक्क मला कुणी दिला नाही. घरं मी पाच-सहा नमुन्यांची केली आणि फिरवून फिरवून लावली. इस्पितळ, शाळा, मशीद, जेट्टी ही सगळ्यांची. ती नेमकी असावीत, घरं अंदाजाने, अशी रेघ मी ओढली आहे. ती कुठे ओढावी याबद्दल वाचकांचं वेगळं मत असू शकतं.

अनुभवी लोक म्हणतात, सगळं गाव भरलंस तर कॉम्प्युटर धापा टाकेल, फ्रेम रेट पडेल. खरं आहे. माझा जुना कॉम्प्युटर अगत्तीवर धापा टाकतोच. पण मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कुणाच्या बाजूने ठरवायचं? टर्मिनलच्या आतल्या खुर्च्या, कॉफीचं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ इतक्या बारकाव्याने केलेल्या सीनरी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतच शेजारचं गाव म्हणजे नुसता हिरवा धब्बा. खुर्च्यांना जागा आहे, इस्पितळाला नाही. ही तांत्रिक अडचण नव्हे. ही आवडनिवड आहे.

शिवाय काही गोष्टी कितीही केलं तरी सीनरीत येणार नाहीत, हेही कबूल करायला हवं. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचा विमानतळ ब्रिटनने २८.५ कोटी पौंड खर्चून बांधला. त्याआधी केपटाऊनहून बोटीने पाच दिवस लागायचे. २०१६ च्या मे महिन्यात उद्‌घाटन ठरलं होतं, पण चाचणीच्या उड्डाणांत धावपट्टीच्या तोंडाशी वारा एकाएकी दिशा आणि वेग बदलतो असं ध्यानात आलं आणि नेहमीची प्रवासी विमानं सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. सिम्युलेटरमध्ये मी तिथे कितीतरी वेळा लोण्यासारखा उतरलो आहे. साडेचार हजार माणसांनी ज्या वाऱ्यापायी दीड वर्ष वाट पाहिली, तो वारा माझ्या फायलीत नाही.

हा खेळच आहे, हे मान्य. पण खेळातलं चित्र टिकतं. शिकागोच्या मेग्ज फील्डचं उदाहरण आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये सुरुवात तिथूनच व्हायची. २००३ मध्ये महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर लावून त्याची धावपट्टी उखडली. आता तो विमानतळ आहे तो लोकांच्या कॉम्प्युटरमध्येच. समुद्राची पातळी वाढते आहे, लक्षद्वीपसारख्या सखल बेटांबद्दल पुढे काय लिहून ठेवलं आहे ते अल्लाह जाणे. अशा बेटाचं चित्र काढताना छत्र्या आणि आरामखुर्च्या ठेवून जेट्टी विसरणारा माणूस मी होतो, हे मला अजून टोचतं.

या ईदला अब्बांना नवी अगत्ती दाखवली. जेट्टी केली आहे, तिच्यापाशी मच्छीमारांच्या होड्या आहेत, गावातून रस्ता येतो. अब्बांनी बराच वेळ पाहिलं. विमान उतरवायला त्यांनी सांगितलंच नाही, नुसतं जेट्टीवर नेऊन उभं कर म्हणाले. केलं. मग म्हणाले, नांगरलेल्या होड्या सगळ्या वाऱ्याकडे तोंड करून राहतात, तुझ्या चार होड्यांची तोंडं चार दिशांना का? मी विंडसॉककडे पाहिलं. खरंच होतं. आज रात्री होड्या वळवायला बसणार आहे.